आधी मासा कोरडा करा

या पुस्तकातल्या प्रत्येक कृतीची पहिली ओळ सारखीच आहे: मासा धुऊन निथळा आणि स्वच्छ फडक्याने दोन्ही बाजूंनी टिपून कोरडा करा. हस्तलिखित वाचणाऱ्या एका मैत्रिणीने सुचवलं होतं, की हे सुरुवातीला एकदा सांगून टाक, दर पानावर कशाला? मी ती ओळ काढली नाही. संध्याकाळी साडेसातला दमून घरी आलेला माणूस स्वयंपाकाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. पिशवीत बांगडे असतात, तो बांगड्यांचं पान उघडतो आणि तवा चढवतो. ती ओळ त्याला तिथेच भेटायला हवी, कारण पुढचं अख्खं जेवण तिच्यावर उभं आहे.

जेवण तसं साधंच आहे. तव्यावर खरपूस भाजलेला मासा, त्याच्याखाली नूडल्स, सोबत काहीतरी आंबट, काहीतरी तिखट आणि मूठभर हिरवा पाला. हातात सुरी घेतल्यापासून ताट वाढेपर्यंत अर्धा तास. हे एकच जेवण मी इथे बावीस तऱ्हांनी मांडलं आहे.

आमच्याकडे मासे म्हणजे रविवार. आई वेंगुर्ल्याची. सकाळी बाबा बाजारातून आले की नारळ फोडण्यापासून सुरुवात व्हायची. मग वाटण, कालवण, तळलेल्या तुकड्या, सोलकढी, भात. पानं घ्यायला दीड-दोन वाजायचे. त्या जेवणाची सर कशालाच नाही आणि आजही रविवारी मी तेच करते. पण त्यामुळे मासे म्हणजे घाट, हे मनात पक्कं बसलं. नोकरीला लागल्यावर ठाण्याच्या घरात आठवडाभर अंडी, उसळ, खिचडी असं चालायचं. एका रविवारी मी सहज घड्याळाकडे लक्ष ठेवलं. दोन-अडीच तासांच्या त्या स्वयंपाकात मासा प्रत्यक्ष आचेवर होता किती वेळ? कालवणात आठ-दहा मिनिटं, तव्यावर त्याहूनही कमी. बाकीचा वेळ खोबऱ्याचा, वाटणाचा आणि भाताचा होता. त्या दिवशी या पुस्तकाचं बी पडलं.

मासा इतक्या लवकर का शिजतो? बकऱ्याला स्वतःचं वजन चार पायांवर पेलावं लागतं. त्याचे स्नायू बांधून ठेवणारे पडदे आणि तंतू त्यामुळे जाड नि चिवट असतात, आणि ते मऊ पडायला मटण तासभर तरी रटरटावं लागतं. माशाला पाणीच तोलून धरतं. त्याचे स्नायू आखूड थरांत रचलेले असतात. शिजलेल्या सुरमईच्या पाकळ्या सुटतात त्या याच थरांच्या. दोन थरांमधला पडदा इतका नाजूक, की ५० ते ५५ अंश सेल्सिअसलाच तो विरघळू लागतो. साधारण ६० अंशांपर्यंत मासा शिजलेला असतो. त्यानंतर आचेवर राहिला तर तो आणखी मऊ होत नाही. उलट आकसतो, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतो आणि त्याचा चोथा होतो. मटणाच्या सवयीने आपण माशालाही ‘जरा अजून दोन मिनिटं’ देतो. त्या दोन मिनिटांत चांगला मासा वाया गेलेला मी फार घरांत पाहिला आहे. झटपट करणं ही कामावरून आलेल्या माणसाची तडजोड आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्याने ते मनातून काढून टाकावं. माशाला तेच मानवतं.

खरी अडचण पाण्याची आहे. बाहेरची बाजू तपकिरी आणि खमंग व्हायला हवी. तो रंग आणि वास ज्या क्रियेतून येतो, तिचं वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केलं. प्रथिनांमधले घटक आणि साखरेचे घटक उष्णतेत एकमेकांशी जोडले जातात आणि त्यातून शेकडो नवे वास तयार होतात. पोळीवरचे डाग, भाजलेली कॉफी आणि तव्यावरचा मासा, सगळीकडे हीच क्रिया चालते. पण ती जोर धरते १४० अंशांच्या आसपास. पाणी १०० अंशांना उकळतं, आणि पृष्ठभाग ओला आहे तोवर तो शंभराच्या फारसा वर चढत नाही. शिवाय पाण्याची वाफ करणं फार खर्चिक काम आहे. बर्फासारखं गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. ओला मासा तव्यावर टाकला की तव्याची सगळी ताकद त्या वाफेत जाते. तोवर आतली बाजू ६० अंश ओलांडून पुढे गेलेली असते. बाहेर पांढरट, आत कोरडा, असा मासा हाती येतो.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं तेव्हा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, मी एकटीने सुरमई केली. साल तव्याला धरून राहिली आणि वरचं मांस कालथ्यावर आलं. चारही तुकड्यांची तीच गत. पुढच्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या कोळणीला सांगितलं, तर तिने माझ्याकडे न बघता, हातातलं पापलेट साफ करत विचारलं, “धुऊन तशीच टाकलीस ना?” मी हो म्हटलं. “पानी तव्याला नको देऊ, फडक्याला दे.” त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरात माशांसाठी दोन जुनी सुती फडकी वेगळी ठेवलेली असतात. कागदी रुमालानेही काम होतं, पण सुती फडकं जास्त ओल ओढतं.

आणखी एक गोष्ट. मासा तव्याला धरतो, कारण तापताना त्याची प्रथिनं धातूला चिकटतात. तवा पुरेसा तापलेला असेल, मध्ये तेलाचा पातळ थर असेल आणि मासा कोरडा असेल, तर खालच्या बाजूला लवकर पापुद्रा धरतो आणि तो धरला की मासा आपण होऊन तवा सोडतो. म्हणून मासा टाकल्यावर पहिली तीन मिनिटं हात आवरायचा. तो ढकलायचा नाही, कडेने उचलून डोकावायचं नाही. कालथा सहज आत गेला नाही तर मासा अजून तयार नाही, एवढंच समजायचं. बोटभर जाडीच्या सुरमईच्या तुकडीला पहिल्या बाजूला तीन मिनिटं आणि दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं पुरतात. चिरा दिलेल्या अख्ख्या बांगड्याला चार आणि तीन. बिडाचा तवा असेल तर उत्तम, तो उष्णता धरून ठेवतो आणि गार मासा पडला तरी खचत नाही. माझा तवा आईकडून आलेला आहे. त्यावर मी भाकरी करत नाही आणि भाकरीच्या तव्यावर मासा करत नाही.

आपल्याकडे मासा रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवतात, त्यामागेही पाणीच आहे. पीठ वरची ओल पिऊन घेतं आणि मासा व तवा यांच्यामध्ये स्वतः उभं राहतं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी शोधलेला हा उपाय मला फार मोलाचा वाटतो. तरीही या पुस्तकात रवा फक्त तीन ठिकाणी आहे. भाताशेजारी रवा लावलेली तुकडी सुरेख लागते, पण नूडल्सच्या रसावर ठेवली की तोच रवा दोन मिनिटांत भिजून लगदा होतो. म्हणून इथे तांदळाच्या पिठाचा हलका हात, किंवा तेवढाही नाही, नुसती सालीची बाजू खाली. मीठ मात्र दहा-पंधरा मिनिटं आधी लावायचं. ते आतलं पाणी वर ओढतं. ते पाणी पुन्हा टिपायचं आणि मगच हळद-तिखट लावायचं. लिंबू अगदी शेवटी, ताटात.

नूडल्सचं गणित बरोबर उलटं आहे. मासा पाणी घेऊन येतो आणि ते काढावं लागतं. नूडल्स कोरड्या येतात आणि त्यांना पाणी द्यावं लागतं, पण बेताने. तांदळाच्या बारीक नूडल्स उकळत ठेवू नयेत. कडकडीत गरम पाण्यात बुडवून, झाकून, तीन ते पाच मिनिटांत काढायच्या आणि लगेच गार पाण्याखाली धरायच्या. गार पाण्याने शिजणं थांबतं आणि वरचा सुटा स्टार्च धुऊन जातो, नाहीतर त्यांचा गोळा होतो. तांदळात गव्हासारखा ग्लुटेनचा चिवटपणा नसतो. तिथे सगळा आकार स्टार्चवर टिकलेला असतो, त्यामुळे मिनिटभराची चूकही लगेच दिसते. गव्हाच्या नूडल्स थोडं जास्त सोसतात. त्या भरपूर पाण्यात उकळायच्या आणि त्यातलं वाटीभर पाणी राखून ठेवायचं, ते रसाला अंग देतं.

हे सगळं परकं आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण मी नूडल्स पहिल्यांदा पाहिल्या त्या देवगडला मावशीच्या मागीलदारी, आणि तिथे त्यांचं नाव शिरवळे होतं. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी शेवग्यात घालून दाबायचे. दाबायला दोन माणसं लागायची. खाली केळीच्या पानावर पांढऱ्या शेवयांची चुंबळ पडायची. त्यावर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. आम्हा मुलांना ते गोडच माहीत होतं. पण एकदा दुपारचं बांगड्याचं कालवण उरलं होतं आणि काकांनी शिरवळ्यांवर ते ओतून घेतलं. मावशी म्हणाली, “हे काय भलतंच!” काकांनी दुसऱ्यांदा घेतलं. पुढे कळलं, की केरळात आणि श्रीलंकेत हे मुळीच भलतं नाही. तिथे तांदळाच्या शेवयांबरोबर माशाचं कालवण हे रोजचं खाणं आहे.

आणि बंगालच्या उपसागरापलीकडे गेलं, तर मासा नि तांदळाच्या शेवया ही जोडी आपल्या मासे-भाताइतकीच घरची आहे. ब्रह्मदेशात सकाळी न्याहारीला मोहिंगा खातात. माशाच्या दाट रश्शात शेवया असतात. मलेशियातल्या पिनांग बेटावर आसाम लाक्सा करतात. आसाम म्हणजे मलय भाषेत आंबट. त्या लाक्सात जो कंबुंग मासा जातो तो आपल्या बांगड्याच्याच कुळातला. चिंचेबरोबर आंबटपणासाठी जे वाळवलेले काप त्यात घालतात, ते ज्या झाडाच्या फळाचे असतात ते आपल्या कोकमाचं सख्खं भावंड. दोन्ही गार्सिनिया. समुद्राच्या दोन टोकांच्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकाच माशाशेजारी एकाच कुळातलं आंबट ठेवलं, याचा आनंद मला अजून शिळा झालेला नाही. त्याला कारणही आहे. समुद्रातल्या माशाचा जो उग्र वास आपल्याला नकोसा होतो, तो ट्रायमिथाइलअमाइन या पदार्थाचा. आंबट त्याला बांधून ठेवतं आणि मग तो हवेत उडत नाही. आमसूल, चिंच, लिंबू, सगळ्यांचं काम हेच. पिनांगला मासा उकडून, कुस्करून रश्शात घालतात. मी बांगड्याचे काटे आणि डोकी आलं घालून वीस मिनिटं उकळते, त्यात आमसुलं टाकते आणि खरपूस बांगडा अख्खा वर ठेवते. म्हणून त्या कृतीला मी लाक्सा हे नाव दिलेलं नाही. ज्यांचा पदार्थ आहे त्यांचं नाव आपल्या सोयीसाठी वापरू नये.

हॅनोईच्या चा का या पदार्थाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या पुस्तकातली सर्वांत लांब कृती त्यावरून आलेली आहे. हॅनोईच्या जुन्या वस्तीत एका गल्लीचं नावच चा का आहे. पूर्वी ती रंगांच्या व्यापाराची गल्ली होती. तिथल्या दोआन कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात हा मासा विकायला सुरुवात केली, आणि पुढे गल्लीने माशाचं नाव घेतलं. नदीतला मिशाळ मासा हळद, कुलंजन आणि आंबवलेल्या भातात मुरवतात आणि कोळशावर भाजतात. मग तो बैठकीवर येतो. समोर शेगडी, तिच्यावर तव्यात तेल, आणि त्या तेलात माशाबरोबर ढीगभर कांद्याची पात आणि ढीगभर शेपू. पाला जरा मऊ पडला की तांदळाच्या शेवयांवर घ्यायचं, वर भाजलेले शेंगदाणे. हळद, शेपू, शेंगदाणे आणि कांद्याची पात. मराठी घरात यातली एकही वस्तू शोधायला बाहेर जावं लागत नाही. तरी शेपू माशाला लावावा हे आपल्याला सुचलं नाही. आपल्याकडे शेपूच्या भाजीवरून घरात दोन तट पडतात. पण गरम तेलात, हळदीच्या माशाशेजारी, त्याचा वास पार बदलतो. मी यासाठी शिंगाळा घेते, तोही मिशाळच. त्याचं मांस घट्ट असतं आणि तव्यावर फुटत नाही. व्हिएतनामचाच म्हणून बासा वापरावा असं वाटेल, पण तो पाणी फार सोडतो. घ्यायचाच तर मीठ लावून, दोनदा टिपून घ्या. तिथे सोबत कोळंबीची आंबवलेली चटणी असते. ती न मिळाल्यास दुसरं काही घालून तिची नक्कल करू नका. लिंबू आणि हिरवी मिरची पुरे.

तिरफळाबद्दलही इथेच सांगते. आई बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालायची, बी काढून, नुसती टरफलं. चीनमधल्या सिचुआन प्रांतात नूडल्सवर ज्या मिरीने जीभ बधिर होते, ती तिरफळाच्याच वंशातली. दोन्ही झँथोझायलम. त्यामुळे तिरफळाच्या तेलात परतलेल्या नूडल्स आणि बांगडा ही कृती मला कोणाकडून उसनी घ्यावी लागली नाही.

बाजाराबद्दल थोडं. ताज्या माशाचे डोळे फुगीर, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून येतो, हे सर्वांना ठाऊक असतं. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी: बांगडा, कुपा यांसारख्या माशांत उष्म्यात ठेवल्याने हिस्टामीन तयार होतं. त्याने अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं. आणि एकदा ते तयार झालं की कितीही शिजवलं तरी जात नाही. म्हणून ऑफिसातून येताना मासे घ्यायचे असतील तर ते बर्फासकट बांधून घ्या आणि वाटेत भाजी-फळं घेत फिरू नका. आठवड्याचे मासे रविवारीच आणून, साफ करून, एकेका जेवणाची पुडी करून फ्रीझरमध्ये ठेवणं मला जास्त पटतं. आदल्या रात्री पुडी खालच्या कप्प्यात काढून ठेवली की संध्याकाळपर्यंत मासा सावकाश सुटतो. घाईने पाण्यात टाकून सोडवलेला मासा तव्यावर पुन्हा पाणीच सोडतो. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या महिन्यांसाठी रोहू आणि कटल्याच्या चार कृती वेगळ्या दिल्या आहेत. गोड्या पाण्यातल्या माशाला जो मातकट वास असतो, त्यालाही आंबटच लागतं.

जेवण वाढताना एकच आग्रह आहे. रस खाली, नूडल्स त्यात, आणि मासा सगळ्यात वर, खरपूस बाजू आकाशाकडे. माशावर रस ओतू नका. इतका वेळ जे पाणी आपण दूर ठेवलं, ते शेवटच्या क्षणी परत आणण्यात अर्थ नाही.

पहिली कृती कोणती ठेवावी यावर मी बराच विचार केला. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे आणि तो मान त्याला शोभतो. पण पापलेट महाग, आणि त्याचं नाजूक मांस मला कालवणात किंवा केळीच्या पानात जास्त आवडतं. सुरमई चुकली की हळहळ वाटते, शिकणाऱ्या हाताला तेवढं दडपण नको. म्हणून पहिलं पान बांगड्याचं आहे. पावसाळ्यानंतर तो भरपूर येतो, परवडतो, माणशी दोन घेता येतात. त्याच्या सालीखाली स्वतःचं तेल असतं, त्यामुळे तवा त्याला लवकर सोडतो आणि मिनिटभर जास्त राहिला तरी तो पापलेटासारखा लगेच कोरडा पडत नाही. पान उलटण्यापूर्वी नूडल्ससाठी पाणी आचेवर ठेवा. ते उकळेपर्यंत बांगडे टिपून होतील.